कॅप्टनसाहेबांचे शागिर्द

मैंदर्गीसारख्या गावात उर्दू शाळेतली मुले एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसू लागली की पालक विचारतात, "सर, चित्रं काढून पोट भरतं का?" शंभर वर्षांपूर्वी मुंबईतही हाच सवाल होता. तो मनावर घेतला फौजेतून आलेल्या एका शिक्षकाने.

विल्यम एवर्ट ग्लॅडस्टन सॉलोमन यांचा जन्म १८८० चा, दक्षिण आफ्रिकेतला. वडील राजकारणी, आई शिक्षिका. लंडनच्या रॉयल अकॅडमीत ते चित्रकला शिकले, पहिल्या महायुद्धात कॅप्टन झाले. युद्ध संपल्यावर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे प्रमुख म्हणून आले आणि १९३६ पर्यंत राहिले. वर्दी उतरली, पण 'कॅप्टन' हा किताब नावाला चिकटून राहिला.

त्यांनी जिवंत माणूस समोर बसवून रेखाटन शिकवायला सुरुवात केली. १९२० मध्ये भित्तिचित्रांचा वर्ग काढला. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी त्याला पाठबळ दिले. हिशेब साधा होता : सरकारी इमारतींच्या भिंती रंगवायला मिळाल्या, तर चित्रकाराला काम मिळेल. १९२४ च्या वेम्बली प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी सजवलेले भारतीय दालन गेले. १९२८-२९ मध्ये नव्या दिल्लीच्या सचिवालयातील भिंतींवर नगरकर, अहिवासी आदी मंडळींचे काम झळकले.

त्यांना विरोधही झाला. पुण्यात जन्मलेले फैजी रहमीन हे बेने इस्राएल घराण्यातले. अतिया फैजींशी निकाह करताना त्यांनी इस्लाम स्वीकारला. तेही १८८० चेच, तेही रॉयल अकॅडमीत शिकलेले. मात्र पाश्चात्त्य शैली सोडून ते राजपूत चित्रपरंपरेकडे वळले होते. सॉलोमन यांची पद्धत त्यांना मान्य नव्हती. दिल्लीच्या सचिवालयातील घुमट त्यांनीही रंगवले.

'भारतीय' चित्र कोणते, हे सरकारी खुर्चीतल्या गोऱ्या साहेबाने ठरवावे, हे खटकणारच. रहमीन यांची तक्रार मला रास्त वाटते. तरीही कॅप्टनसाहेबांची एक गोष्ट शिक्षक म्हणून मी विसरू शकत नाही. त्यांनी शागिर्दांना नुसता हुनर दिला नाही. तो दाखवायला भिंत मिळवून दिली.

आपण मुलांना रंगपेटी घेऊन देतो, ग्रेड मिळाली की सर्टिफिकेट फ्रेम करतो. मग पुढे? शाळेची, वाचनालयाची, नगरपरिषदेची एखादी भिंत आपल्या मुलांना द्यायला काय हरकत आहे? पालकांच्या सवालाचा जवाब तिथूनच सुरू होईल.