वरोऱ्याच्या हवेत इग्वाना: आजारांची ओळख आणि उपचार

इग्वानाचे हाल बहुतेक वेळा घोरपडीशी असलेल्या साम्यामुळे होतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात घोरपड सगळ्यांच्या पाहण्यातली. ती उंदीर, अंडी, किडे खाते. तशीच शेपटी आणि तसेच पंजे दिसले की घरी आणलेल्या इग्वानालाही उकडलेले अंडे किंवा खिमा दिला जातो, आणि तो ते आवडीने खातोही. मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांत झाडांवर राहणारा हिरवा इग्वाना मात्र पाला खाऊन जगणारा प्राणी आहे. मांसातली प्रथिने वर्षानुवर्षे त्याच्या मूत्रपिंडावर बोजा टाकतात.

पाळीव इग्वानाचे बरेचसे आजार ऊब, उजेड, पाणी आणि चारा यांतल्या चुकांतून उद्भवतात. त्यामुळे निदान करताना आधी पिंजरा पाहावा, मग प्राणी.

सर्वांत जास्त आढळतो तो हाडे मऊ होण्याचा विकार. चाऱ्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट हवे. शिवाय ते आतड्यातून शोषले जायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीत तयार व्हायला सूर्यप्रकाशातले अतिनील-ब किरण. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते, म्हणून काचेआडचे ऊन अंग तापवते, हाडांना उपयोगी पडत नाही. रक्तातले कॅल्शियम कमी पडले की शरीर ते हाडांतून ओढते. खालचा जबडा दाबला तर रबरासारखा लवतो, बोटे थरथरतात, चालताना पोट जमिनीला घासते, पाठीला बाक येतो. मांड्या जाड होतात आणि मालकाला वाटते, प्राणी बाळसे धरतोय! मऊ हाडाला आधार द्यायला तिथे तंतुमय ऊतक साचलेले असते. बाकीचे अंग त्याच वेळी रोडावते.

लवकर लक्षात आले तर हा आजार आटोक्यात येतो. पशुवैद्यक कॅल्शियम तोंडावाटे किंवा इंजेक्शनने देतात, हाड मोडले असेल तर हालचाल बेताची ठेवायला सांगतात. ड जीवनसत्त्वाची औषधे मनाने पाजू नयेत. जास्त झाली तर रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडात चुना साचतो. वाकलेला कणा सरळ होत नाही, पण जबडा पुष्कळदा पुन्हा घट्ट होतो.

चाऱ्याची अडचण आपल्याकडे फारशी नाही. शेवग्याचा, हादग्याचा, तुतीचा पाला, जास्वंदीची फुले, किसलेला लाल भोपळा हे सगळे चालते. पालक रोज नको. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते.

उष्णतेबाबत परदेशी पुस्तकांवर विसंबू नये. ती थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेली, त्यांचा भर दिवे लावण्यावर. इग्वानाला ऊन खाण्याच्या जागी ३२ ते ३५ अंश हवे असतात. वरोऱ्यात मे महिन्यात नुसत्या सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो. तोंड उघडे ठेवून धापा टाकणे ही धोक्याची खूण. अशा वेळी सावली, वारा आणि साधे पाणी द्यावे, बर्फ नको. सकाळचे कोवळे ऊन द्यायचे तर अर्धी सावली असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात. काचेची पेटी उन्हात ठेवली तर काही मिनिटांत भट्टी होते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र ऊब लागतेच. गारठ्यात पचन थांबते, चारा पोटात कुजतो, प्रतिकारशक्ती मंदावते आणि मग फुप्फुसाचा संसर्ग किंवा हिरड्यांत पू होतो. दिव्याला जाळीचे आवरण हवे, नाहीतर पाठ भाजते.

इथे एक दिलासा: इग्वाना शिंकतो आणि नाकाशी पांढरी पूड दिसते, ते जादा मीठ बाहेर टाकणे असते, सर्दी नव्हे. तोंडाशी फेस आणि श्वासाला आवाज असेल तर मात्र थांबू नये.

उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेचा फटका कात टाकताना बसतो. बोटांवर, शेपटीवर जुन्या कातडीची कडी राहून रक्त अडते आणि टोक काळे पडते. कोमट पाण्यात बसवून कात सैल करावी, ओढू नये. पाण्याचा तुटवडा खरा भोवतो तो मूत्रपिंडांना. भूक जाणे, सुस्ती, बद्धकोष्ठ ही लक्षणे दिसेपर्यंत बराच भाग निकामी झालेला असतो. शिरेतून किंवा कातडीखाली द्रव देऊन काही काळ तगवता येते, इतकेच.

मादी नराशिवायही अंडी धरते. त्या काळात ती खात नाही, पण हिंडते, उकरते. हे स्वाभाविक आहे. ओलसर वाळू-मातीची खोल पेटी तिला द्यावी. ती निपचित पडली तर अंडी अडकली असे समजावे. क्ष-किरण तपासणी आणि प्रसंगी शस्त्रक्रिया लागते. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय वरोऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. नेताना हवेशीर खोक्यात, उन्हाळ्यात पहाटेच निघावे; सोबत ताजी विष्ठा, चाऱ्याची यादी आणि पिंजऱ्याचे फोटो न्यावेत.

इग्वाना परदेशी असला तरी कायद्याबाहेर नाही: २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तो येतो आणि २०२४ च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. घोरपड मात्र पहिल्या अनुसूचीत. ती पाळणे हा गुन्हाच. धडधाकट इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला असू शकतो, म्हणून त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती तो देऊ नये.