कदर

मागच्या वर्षीची पालकसभा. एक आई प्रगतिपत्रक घेऊन आमच्या टेबलासमोर बसली. मुलगा नववीत, दोन विषयांत नापास. पत्रकाच्या माथ्यावर उर्दूत ‘कद्र-पैमाई’ असे छापलेले होते. बाईंनी ते बोट ठेवून वाचले आणि म्हणाल्या, “सर, वर कदर लिहिलंय आणि खाली नापास. ही कुठली कदर?” शेजारचे शिक्षक हसले, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

बी.एड.ला आम्ही हा शब्द पाठ केला होता. मराठी माध्यमाचे मित्र ‘मूल्यमापन’ लिहायचे, आम्ही ‘कद्र-पैमाई’. मूल्य म्हणजे कद्र, मापन म्हणजे पैमाई. तुकड्याला तुकडा जुळतो. बाईंनी मात्र तो शब्द पुस्तकातला म्हणून नव्हे, घरातला म्हणून वाचला. घरात कदर म्हणजे मान, जाण.

मुळात हा अरबी शब्द मापाचाच आहे. काफ, दाल, रे या तीन अक्षरांतून मिकदार निघाला, म्हणजे परिमाण. तकदीर निघाली, म्हणजे नेमून दिलेले माप. शब-ए-कद्र आपण सारेच जागवतो, तिथेही हेच मूळ आहे. जुन्या मराठीत ‘मगदूर’ होता, ऐपत या अर्थी. तो मकदूर, याच घरचा. मराठीत येताना कदरीतले माप गळाले आणि आदर तेवढा उरला. उर्दूत दोन्ही राहिले. म्हणून त्या बाई चुकल्या नव्हत्या, असे आम्हाला वाटते.

पारखण्याचे, जोखण्याचे असे कितीतरी शब्द मराठीत आले. हे शब्द आले ते शेताच्या बांधावरून, चावडीवरून, सराफाच्या गादीवरून. अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबरने (मृत्यू १६२६) जमिनीचा कस पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली आणि ‘मलिकंबरी’ हा शब्द पुढे कित्येक पिढ्या कागदांत टिकला. जुन्या दप्तरांत जमिनीची प्रत अव्वल, दूम, सीम अशी लिहिलेली सापडते. फारसी आकडेच ते: पहिली, दुसरी, तिसरी. आज घराचा दस्त नोंदवायला आपण ‘दुय्यम निबंधका’कडे जातो तेव्हा तीच गणती तोंडी असते. पिकाची जोखणी आण्यांत होई. सोळा आणे म्हणजे भरगच्च पीक. १९५७ साली दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या वर की खाली यावर वर्षानुवर्षे गावाचा दुष्काळ ठरत राहिला. ‘सोळा आणे खरं’ असे आपण अजून म्हणतोच, आणा कधी हातात न घेतलेली पोरेही म्हणतात.

न्यायाच्या शब्दांत तर न्याय करण्याची रीतच दडलेली आहे. इन्साफच्या मुळाशी निस्फ आहे, म्हणजे अर्धा. दोघांना सारखे अर्धे वाटून देणारा तो मुन्सिफ. इंग्रजी अमदानीत खालच्या न्यायाधीशाला ‘मुन्सफ’ म्हणत. मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेले. न पाहता मंजूर करणे हे शब्दाच्याच विरुद्ध. आणि महजर! वतनाच्या तंट्यात गोतसभा बसे, निवाड्याचा कागद होई, तो महजर. मूळ शब्द हजर असण्याचा. आदिलशाही-निजामशाहीतल्या महजरांत ‘हाजिर मजालसी’ म्हणून बसलेल्यांची नावे आहेत. काजी, देशमुख, पाटील, बलुतेदार सारे एका कागदावर, लिहिता न येणाऱ्या पाटलाची निशाणी नांगर. जो हजर नाही त्याने निवाडा देऊ नये, हे त्या नावातच आले.

पुढे या शब्दांवरच निवाड्याची पाळी आली. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पर्याय कोशात राहिले, रयत तपास आणि फैसलाच म्हणत राहिली. विसाव्या शतकात माधव ज्यूलियन यांची गोष्ट आम्हाला फार चटका लावते. फारसीचे हे प्राध्यापक. १९२५ मध्ये त्यांनी फार्शी-मराठी कोश दिला, मराठीत गझल रुजवली. तेच पुढे भाषाशुद्धीकडे वळले, १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिले आणि आपल्याच कवितांतले फारसी शब्द वेचून काढू लागले. इकडे औरंगाबादेत मौलवी अब्दुल हक यांनी १९३३ मध्ये मराठीवरील फारसीच्या परिणामावर उर्दूत पुस्तक काढले होते. जवळपास त्याच वर्षांत एक जण मोजत होता, दुसरा काढून टाकत होता. आम्ही दोघांचे ऋणी आहोत. पण ‘शुद्ध’ हाही पारखण्याचाच शब्द, आणि पारखणाऱ्याने हजर असावे हा महजराचा नियम त्यालाही लागू व्हावा.

कारण आमच्या वर्गात रोज दोन भाषांच्या तागड्या असतात. उर्दूत खोटा म्हणजे नकली. मराठीत खोटे म्हणजे असत्यही. पाचवीच्या एका पोराने ‘खोटे नाणे’चा अर्थ ‘झूट बोलने वाला सिक्का’ असा लिहिला. आम्ही लाल शाईने काट मारली, मग अर्धा गुण दिला. निस्फच तो! आणि गुण तरी काय, सद्गुणाचाच शब्द. पस्तीस गुणांचा मुलगा म्हटले की आम्हालाच कसेसे होते. ‘नापास’ तर आणखी गंमतीचा, डोके फारसी आणि धड इंग्रजी.

त्या बाई उठता उठता म्हणाल्या होत्या, “भाजीच्या गाडीवर बापासोबत उभा राहतो. हातात घेऊन सांगतो, पाव किलो आहे की कमी. काटा लावायची गरज नाही.” अंदाज त्याचा पक्का होता, हाही शब्द तिकडूनच आलेला. आम्ही पत्रक पुन्हा उघडले. शेवटचा रकाना ‘शेरा’ असा होता. शेरा म्हणजे अरबी शरह, उलगडून सांगणे. रकान्यात जेमतेम दोन शब्द मावतील एवढी जागा होती, आणि तिथे आम्ही आधीच लिहून ठेवले होते: ‘गणित कच्चे.’