पावलाची ओळख

श्रोतेहो, आजच्या भाषणासाठी मी निवडलेला विषय ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि किल्ले आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. मी मात्र आज गुडघ्याच्या खाली उतरणार आहे. नडगी, पोटरी, घोटा, टाच आणि पाऊल यांविषयीचे ज्ञान मनुष्याला कसकसे होत गेले, हा माझा विषय आहे. मी वैद्य नाही, शास्त्रज्ञ नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि पुढे सारा जन्म मुलांना शिकविण्यात घालविलेला शहाडचा एक निवृत्त शाळामास्तर आहे. या विषयाकडे मी कसा वळलो ते प्रथम सांगितले पाहिजे, कारण वळलो तो जिज्ञासेने नव्हे, भीतीने.

आमच्या शहाडला उल्हास नदीच्या अंगाने गेले की विठ्ठलाचे एक भव्य मंदिर लागते. लोक त्याला बिर्ला मंदिर म्हणतात. काही वर्षांपूर्वीच्या आषाढी एकादशीस मी तेथे घरापासून अनवाणी गेलो. पंढरीची वारी आता झेपत नाही, तेव्हा निदान एवढे तरी चालावे, असा मनाचा भाव होता. दर्शन झाले, घरी आलो, फराळ केला, झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, चटईवर हे रक्ताचे डाग कसले?" पाहतो तो उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडून बसलेला! तो केव्हा रुतला, याची मला गंधवार्ता नव्हती. बारा वर्षे अंगात मुरलेल्या मधुमेहाने माझ्या पावलांतील जाणीव चोरून नेली होती, आणि चोरी झाल्याचे घरधन्याला ठाऊकही नव्हते.

ती जखम भरून येण्यास तीन महिने लागले. मधल्या काळात एक वेळ अशी आली की डॉक्टर हलक्या आवाजात बोटे काढण्याची भाषा करू लागले. अंथरुणावर पडल्या पडल्या मला सारखी एकच गोष्ट टोचत होती. वर्गाच्या भिंतीवर सांगाड्याचे चित्र टांगून मी बत्तीस वर्षे मुलांना सांगत आलो की एका पावलात २६ हाडे असतात. पण माझे स्वतःचे पाऊल उलटे करून मी कधी पाहिले नव्हते.

ही २६ हाडे कोणती? बोटांची १४, चवड्याची ५ आणि घोट्याजवळची ७. त्यांवर नडगीचे जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचे काठीसारखे बारीक हाड. या दोहोंच्या खालच्या टोकांच्या कवेत घोट्याचे जे हाड बसते, त्याला शरीरातील एकही स्नायू चिकटलेला नाही. सभोवारच्या शिरा त्याला सांभाळतात आणि ते वरून आलेला भार मागे टाचेकडे व पुढे चवड्याकडे वाटून देते. तळव्याला कमान आहे, म्हणून ओल्या पावलाचा ठसा फरशीवर पुरा उमटत नाही. पोटरीचे स्नायू टाचेला जिने बांधलेले आहेत, त्या जाड शिरेस जुनी माणसे घोडशीर म्हणत. चालताना पोटरी आवळली की पायांत साचलेले रक्त वर ढकलले जाते, आणि रक्तवाहिन्यांतील झडपा त्याला परत खाली येऊ देत नाहीत. एवढा कारभार या लहानशा जागेत अहोरात्र चालतो.

हे पाहण्याचा पहिला मोठा प्रयत्न आपल्याच देशात झाला. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृत शरीर तपासण्याची रीत सांगितली आहे. सर्व अवयव शाबूत असलेले, विषाने किंवा दीर्घ रोगाने न मेलेले शरीर घ्यावे. ते गवताने किंवा तागाने वेढून, पिंजऱ्यात घालून, संथ वाहत्या पाण्यात आडोशाच्या जागी ठेवावे. सात रात्रींनंतर बाहेर काढून वाळ्याच्या अथवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासावे, आणि त्वचेपासून आतील एकेक अंग प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावे. नुसत्या पोथीवर न विसंबता पाहून घ्यावे, हा त्याचा आग्रह आहे. नदीकाठी बसलो असता मला पुष्कळदा हा उतारा आठवतो.

आता सुश्रुताने केलेली पायाच्या हाडांची मोजणी पाहा. प्रत्येक बोटात तीन याप्रमाणे १५, तळवा, कूर्च व घोटा मिळून १०, टाचेचे १. म्हणजे पावलाची २६. पुढे जंघेची २, गुडघ्याचे १, मांडीचे १, एकूण ३०. आजचे शारीरशास्त्रही एका पायाची हाडे मांडीपासून बोटांपर्यंत ३० च सांगते, आणि पावलाची २६! परंतु गंमत अशी की पायाच्या अंगठ्यात हाडे तीन नसून दोनच आहेत. तेथे एक जास्त धरले गेले, घोट्या-तळव्यात एक कमी पडले, आणि बेरीज मात्र बरोबर आली. अशा उदाहरणाला मी वहीत निम्मे गुण देत असे: उत्तर बरोबर, रीत चुकलेली. चार बोटांत तीन तीन हाडे, तेव्हा अंगठ्यातही तीनच असणार, असे अनुमान येथे डोळ्यांच्या पुढे धावले असावे. ज्या ग्रंथाने डोळ्यांनी पाहण्याचा उपदेश केला, त्याच्याही बाबतीत हे घडले, तेथे तुमची आमची काय कथा!

त्याच संहितेत पायांतील मर्मांचे वर्णन आहे. अंगठा व त्याशेजारचे बोट यांमधले क्षिप्र, तळव्याच्या मध्यावरचे तलहृदय, पोटरीतील इंद्रबस्ती, अशी ती नावे. यांवर झालेला घाव प्राणावर बेतू शकतो, हे त्या वैद्यांनी ओळखले होते. पुढे मात्र मृत शरीराला हात लावणे हाच विटाळ ठरला. पाहणे थांबले आणि पाठांतर उरले. युरोपातही शतकानुशतके गॅलेनचा शब्द प्रमाण मानला जाई. १५४३ साली व्हेसेलियसने स्वतः विच्छेदन करून आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे त्या पाठांतराला तडा गेला.

आपल्या देशात ही कोंडी १८३६ साली कलकत्त्यास फुटली. पंडित मधुसूदन गुप्त यांनी तेथील वैद्यकीय महाविद्यालयात विच्छेदनास हात घातला. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. पुढे त्यांनी महारोगावर औषध शोधण्यासाठी पुष्कळ परिश्रम केले. तो धागा आपण थोड्या वेळाने पुन्हा हाती घेऊ.

तत्पूर्वी आमच्या शेजारच्या गावाची एक लेक आठवली पाहिजे. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना, म्हणजेच डॉक्टर आनंदीबाई जोशी. जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले, आणि चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. ते दुःख उराशी धरून ही मुलगी १८८३ साली समुद्रापार गेली आणि फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाली. मृतदेहाच्या वाऱ्यालाही न थांबणाऱ्या समाजातून गेलेल्या या मुलीने तेथे शारीराचा अभ्यास केला आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळविली. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारीस, पुण्यास तिचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. वर्गात हा धडा शिकविताना माझा आवाज दर वर्षी कातरत असे.

विच्छेदन सुरू झाले, पण पुस्तके विलायतेतून येत आणि त्यांतील पायही विलायती असत. बूट घालणाऱ्या, खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचे ते पाय. आपल्याकडचा माणूस शेतात, चुलीपाशी, पंगतीत, नदीच्या घाटावर वेगळ्याच तऱ्हेने बसतो. लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शारीराचे अध्यापक हॅवलॉक चार्ल्स यांनी पंजाबी लोकांच्या पायांची हाडे तपासून १८९३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, पुढच्या कडेवर, त्यांना लहान गुळगुळीत खुणा आढळल्या. उकिडवे बसले की नडगी पुढे झुकते आणि घोट्याच्या हाडाला टेकते, त्या टेकण्याने उमटलेल्या या खुणा. युरोपियनांच्या हाडांवर त्या क्वचितच दिसतात. माणूस जसा जगतो तसे त्याचे हाड घडते, ही केवढी अर्थपूर्ण गोष्ट आहे! आपल्या बसण्याची नोंद आपल्या हाडांनी ठेवली होती. ती वाचणारा डोळा तेवढा हवा होता.

याच दृष्टीचे फळ पुढे एका अपूर्व शोधाच्या रूपाने मिळाले. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र निघाले आणि हजारोंना त्याचा आधार झाला. परंतु परदेशी धर्तीच्या पावलाची एक अडचण होती. ते बुटात घालूनच वापरावे लागे, आणि ते लावून उकिडवे बसता येत नसे. चिखलात उभे राहणाऱ्या शेतकऱ्याने ते काय करावे? देवळाच्या पायरीशी बूट काढावयाचा, तर पायच काढावयाचा काय? जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉक्टर प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे एक कारागीर यांनी हा प्रश्न हाती घेतला. शर्माजींपाशी पदव्या नव्हत्या. हातात कला होती. घोटा कोणकोणत्या दिशांनी वळतो हे डॉक्टरांनी सांगावे आणि कारागिराने ते रबर व लाकूड यांतून घडवावे, असे चालले. टायरच्या धंद्यात वापरतात तसे टिकाऊ रबर त्यांनी योजिले. १९६८ च्या सुमारास जे पाऊल तयार झाले ते जयपूर फूट. ते लावून मनुष्य अनवाणी चालू लागला, मांडी घालून जेवू लागला, उकिडवा बसू लागला, झाडावर चढू लागला. डॉक्टर सेठींना १९८१ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

आता भाऊ दाजींच्या वेळचा तो धागा. महारोगाने बोटे झडतात, अशी समजूत सर्व जगात होती. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली आलेल्या डॉक्टर पॉल ब्रँड यांनी रोग्यांचे हातपाय बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांना निराळेच दिसले. रोग बोटे खात नव्हता. तो ज्ञानतंतू मारीत होता, आणि वेदना नाहीशी झालेल्या पावलावर रोगी चटके, खडे, खिळे आणि चावणारे जोडे सोसत चालत राहत होते. जखम होई, कळत नसे, चिघळे आणि हाडापर्यंत जाई. लुळे पडलेले पाऊल उचलता यावे म्हणून नडगीमागच्या स्नायूची शीर पुढच्या बाजूस वळवून घेण्याची शस्त्रक्रिया, मऊ रबराचे जोडे आणि रोज पाय तपासण्याची सवय, हे त्यांचे उपाय. पुढे १९६६ साली ते अमेरिकेत कारव्हिल येथे गेले, आणि हेच ज्ञान मधुमेही रोग्यांच्या पावलांनाही लागू पडले. महारोग्यांच्या पायांनी शिकविलेला धडा अशा रीतीने माझ्या पायापर्यंत पोहोचला.

मधुमेह पावलांनाच आधी का गाठतो? पाठीच्या कण्यातून पावलापर्यंत येणारे तंतू हे शरीरातील सर्वांत लांब तंतू. रोगाचा मार लांब तंतूंच्या टोकांना प्रथम बसतो, म्हणून बधिरपणा बोटांपासून सुरू होऊन हळूहळू वर चढतो. माझ्या डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक धागा तळव्यावर निरनिराळ्या जागी टेकविला आणि विचारले, "गुरुजी, कळले की सांगा." मी डोळे मिटून बराच वेळ वाट पाहत राहिलो. शेवटी डोळे उघडले तेव्हा धागा टेकवून झाला होता. जन्मात इतका नापास मी कधी झालो नव्हतो.

वेदना ही शत्रू आहे असे आपण समजतो. तीच खरी पहारेकरीण आहे. ती निघून गेली म्हणजे तिचे काम डोळ्यांनी करावे लागते. दुखत नाही तेव्हा जखम नाही, असे मी धरून चाललो. अंगठ्यात तीन हाडे धरणाऱ्या त्या अनुमानाहून माझे अनुमान शहाणपणाचे नव्हते. आता रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, आरसा जमिनीवर ठेवून मी तळवे पाहतो. नजर अधू झाल्यामुळे नातीला शेजारी बसवितो. ती बोटांवरून मोजीत २६ हाडांची उजळणी करते आणि कोठे लाली किंवा चीर दिसली तर सांगते. जोडे संध्याकाळी घेतो, कारण तोपर्यंत पावले थोडी सुजलेली असतात. आणि घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहतो.

गेल्या आषाढीस पुन्हा विठ्ठलाच्या दर्शनाला गेलो. या वेळी पायांत जोडे घालून, ते दाराशी काढून आणि आतल्या स्वच्छ फरशीवर मोजे ठेवून. विटेवर सम ठेवलेल्या त्या पावलांवर डोके टेकविले, तेव्हा अनवाणी न आल्याची खंत मनात राहिली नाही. ज्यांनी इतकी वर्षे मला वाहिले, त्या माझ्या दोन पावलांकडे पाहण्यास मी उशिरा का होईना शिकलो, एवढेच त्याला सांगितले. श्रोतेहो, आपणही आज रात्री निजण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांची पावले एकदा दिव्याजवळ घेऊन पाहा. आपल्याकडे पाया पडण्याची रीत आहेच. वाकतो आहोत तर क्षणभर पाहूनही घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.