बरगड्या दुखतात? उसण, नागीण, टीबी की हृदय : असा ओळखा फरक

बीदर, कलबुर्गी : उसाची मोळी उचलताना बरगडीत चमक निघाली, तुरीचे पोते पाठीवर घेताना कूस धरली, खोकून खोकून फासळ्या दुखायला लागल्या. भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद या सीमाभागात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यावर ठरलेली उत्तरेही दोनच. ‘उसण भरली असेल’ नाहीतर ‘गॅस झाला असेल’. बहुतेक वेळा दुखणे खरेच साधे असते. पण त्याच जागी हृदयाचे, फुफ्फुसाचे किंवा पित्ताशयाचे दुखणेही उमटते. त्यामुळे अंदाज चुकला तर महागात पडतो.

माणसाला बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. वरच्या ७ जोड्या कूर्चेने थेट छातीच्या मधल्या हाडाला जोडलेल्या असतात, पुढच्या ३ वरच्या कूर्चेला चिकटतात आणि शेवटच्या २ समोरून मोकळ्या असतात. या पिंजऱ्याच्या आत हृदय व फुफ्फुसे, उजवीकडे खाली यकृत आणि पित्ताशय, डावीकडे प्लीहा, मागच्या बाजूला मूत्रपिंडे. म्हणून दुखते कुठे याच्याइतकेच दुखते कसे हेही महत्त्वाचे आहे.

दाबले की दुखते : स्नायू आणि कूर्चा

ओझे उचलणे, अचानक वळणे, दिवसभर वाकून काम करणे किंवा सततचा खोकला यामुळे बरगड्यांमधले स्नायू ताणले जातात. बोटाने दाबले, कुशीवर वळले, शिंक आली की कळ येते. छातीच्या मधल्या हाडालगत दाबल्यावर दुखत असेल तर कूर्चेला सूज असू शकते. दोन्हींत विश्रांती, शेक आणि पॅरासिटामॉल यांनी काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतार पडतो. मात्र दाबल्यावर दुखते म्हणजे हृदय ठीकच आहे, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

मेडिकलवरून आणलेल्या जोरकस वेदनाशामक गोळ्या रोज खाऊ नयेत. बीपी, मूत्रपिंडाचा त्रास किंवा पोटात अल्सर असलेल्यांना त्या अपाय करतात.

मार लागला असेल तर

गाडीवरून पडणे, बैलाची धडक, झाडावरून किंवा माडीवरून पडणे यांत बरगडीला तडा जातो. बारीक तडा साध्या एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. हाडे ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसांत जोराच्या खोकल्यानेही बरगडी मोडते. तडा भरायला साधारण ६ आठवडे लागतात.

छाती पट्ट्याने आवळून बांधण्याची जुनी पद्धत आता डॉक्टर सांगत नाहीत. श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाची भीती वाढते. उलट दुखणे कमी करून दर तासाला चार-पाच दीर्घ श्वास घ्यायचे असतात. डावीकडे खालच्या बरगड्यांना मार असेल तर प्लीहा, उजवीकडे असेल तर यकृत फाटू शकते. मार लागल्यावर चक्कर, पोटदुखी, घाम किंवा दम असेल तर थांबू नये.

एका बाजूला आग : नागीण

एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होते, कापड लागले तरी सहन होत नाही आणि दोन-चार दिवसांनी पाण्याचे फोड उठतात. ही नागीण, कन्नडमध्ये ‘सर्पसुत्तु’. लहानपणी कांजिण्या देणारा विषाणूच पुन्हा जागा होतो. नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, हा समज खोटा आहे. फोड उठल्यापासून ७२ तासांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर फायदा जास्त. उशीर झाला की फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने आग राहू शकते.

श्वास घेताना टोचते : फुफ्फुस

दीर्घ श्वासाबरोबर सुरी लागल्यासारखे टोचत असेल तर फुफ्फुसाच्या आवरणाला सूज असू शकते. ताप, थंडी व खोकला असेल तर न्यूमोनिया. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम असेल तर टीबीची तपासणी हवीच. टीबीमुळे छातीत पाणीही होते. सिलिका असलेल्या दगडाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केलेल्यांना टीबीचा धोका जास्त असतो.

बाळंतपण, ऑपरेशन किंवा लांब आजारपणानंतर एक पाय सुजला आणि अचानक दम लागून छातीत टोचू लागले, तर रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. इथे वेळ घालवू नये.

बरगडीखालचे दुखणे

तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन खांद्याकडे जात असेल तर पित्ताशयातील खडे. पाठीमागे बरगडीखालून जांघेकडे उतरणारी, लोळायला लावणारी कळ मुतखड्याची. उन्हात राबताना पाणी कमी पडले की हा त्रास वाढतो. आठवडे उलटूनही न थांबणारे, रात्री झोपमोड करणारे आणि वजन घटवणारे दुखणे असेल तर कर्करोगाचीही शंका तपासावी लागते.

गॅस म्हणून थांबू नका

छातीवर दगड ठेवल्यासारखे जड वाटणे, डावा हात, जबडा किंवा पाठीत कळ, घाम, मळमळ, दम ही हृदयविकाराची लक्षणे आहेत. शुगर असलेल्यांत आणि बायकांत नुसता दम, थकवा किंवा पोटाच्या वर जळजळ एवढेच दिसू शकते. सोडा पिऊन, इनो घेऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. १०८ ला फोन करावा, हा नंबर कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे चालतो.

कुठे जायचे?

हृदयासाठी कलबुर्गीत जयदेव हृदयरोग संस्थेचे रुग्णालय आहे. इतर तपासण्यांसाठी बीदरचे ब्रिम्स आणि कलबुर्गीचे जिम्स ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये. पण छातीत जड वाटत असेल तर दूरचा दवाखाना गाठण्याच्या नादात जवळचे तालुका रुग्णालय सोडू नये. आधी तिथे ईसीजी काढून घ्यावा. कर्नाटकाच्या पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजनेत अनेक सरकारी रुग्णालयांत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मोफत देण्याची सोय आहे.

टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत असतात. उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर जमा होतात. कामासाठी हैदराबाद, पुणे, मुंबईला जाणाऱ्यांनी गोळ्या तोडू नयेत. निक्षय नोंदणी क्रमांक दाखवला की दुसऱ्या राज्यातही उपचार पुढे चालू ठेवता येतात.

दवाखान्यात कन्नडच बोलणारे डॉक्टर असले तर एवढे शब्द पुरतात : ‘एदे नोवु’ म्हणजे छातीत दुखणे, ‘पक्केलुबु’ म्हणजे बरगडी, ‘केम्मु’ म्हणजे खोकला, ‘ज्वर’ म्हणजे ताप. दुखणे कधी सुरू झाले, दाबल्यावर वाढते की श्वासावर, आणि शुगर-बीपीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे सांगावे. जुने कागद सोबत न्यावेत.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. निदान व उपचार डॉक्टरांच्या तपासणीनंतरच करावेत.)