तडजोडीत हाती काय राहिले?

तडजोड हा आम्हां युनियनवाल्यांचा रोजचा व्यवहार. परंतु हुकूमशाही राजवटीत तिची किंमत काय, हा प्रश्न निराळा आहे. तेथे करार करणारा मालक, दाद देणारे कोर्ट आणि दाद मागणाऱ्यावर लाठी उगारणारा शिपाई, हे तिघेही एकाच सत्तेचे चाकर असतात. मग अशा सत्तेशी करार करावा तरी का? पोलंडचा इतिहास याचे उत्तर देतो.

१९७० च्या डिसेंबरात भाववाढीविरुद्ध बाल्टिक किनाऱ्यावरचे कामगार रस्त्यावर उतरले. गोळीबारात चाळीसहून अधिक माणसे मेली. पुढे पक्षाचा नेता बदलला, भाववाढही मागे घेतली गेली; संघटनेचा हक्क मात्र मिळाला नाही. दहा वर्षांत ओरड पुन्हा तीच!

१४ ऑगस्ट १९८० रोजी ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत संप झाला. क्रेन चालवणाऱ्या आना वालेंतिनोविच या बाईंना कामावरून काढले होते. या वेळी कामगार फाटकाबाहेर पडले नाहीत. दोन दिवसांत पगारवाढ कबूल झाली आणि लेक वालेसांनी संप मिटल्याचे जाहीर केले. पण पाठिंब्याला उतरलेल्या लहान कारखान्यांचे काय? बायांनी फाटकावर माणसे अडवली आणि संप सर्वांसाठी चालू राहिला. २१ मागण्यांत पहिली होती स्वतंत्र युनियनची. ३१ ऑगस्टला ती मान्य झाली. बदल्यात राज्यातील कम्युनिस्ट पक्षाचे नेतृत्व मान्य करावे लागले.

याला कोणी शरणागती म्हणेल. आम्ही म्हणत नाही. ‘सॉलिडॅरिटी’त सुमारे एक कोटी माणसे आली. १३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्कींनी लष्करी कायदा पुकारला, १९८२ त युनियन बरखास्त झाली. करार मोडला, पण एकत्र येण्याची सवय मोडता आली नाही. १९८८ च्या संपांनंतर सरकारला याच माणसांशी बोलावे लागले. १९८९ च्या गोलमेज करारात कनिष्ठ सभागृहाच्या ३५ टक्केच जागा खुल्या झाल्या. जूनच्या निवडणुकीत त्या सर्व आणि सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा सॉलिडॅरिटीने जिंकल्या. ऑगस्टमध्ये तिचे माझोविएत्स्की पंतप्रधान झाले.

तेव्हा सत्तेने काय दिले, एवढेच मोजू नये. पुढची मागणी करण्याचे साधन आपल्या हाती राहिले काय, हे आधी पाहावे. १९७० ची सवलत आणि १९८० चा करार यांत आम्हांला दिसतो तो फरक हाच.