कोणी न हांकतां चालणारी चाकरी

औरंगाबादची, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरची, पाणचक्की पाहावयास जाणारा मनुष्य जातें पाहून परततो. खरें कौतुक जात्याचें नव्हे. दूरच्या डोंगरांतील पाणी मातीच्या नळांतून आणून तें उंचावरून पात्यांवर पाडलें, म्हणून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यांतील फकीर-यात्रेकरूंचें दळण, कोणी खुंटा धरल्यावांचून, होत असे.

संगणकावरील कामांनाहि हीच सोय करावी लागली. परीक्षेचे निकाल दाखविणारा एखादा प्रोग्राम चालकानें हातानें सुरू केला आणि तो घरीं गेला, तर त्याच्या बैठकीबरोबर प्रोग्रामहि संपण्याचा संभव असतो. पूर्वीं दूरचीं टर्मिनलें टेलिफोनच्या तारेनें जोडलेलीं असत. तार तुटली कीं प्रोग्रामला ‘हँगअप’चा इशारा जाई. तें नांव अद्याप टिकून आहे. मराठवाड्यानें भारनियमनाचीं वर्षें भोगलेलीं. वीज परत येऊन यंत्र जागें झालें, तरी प्रोग्राम निजलेलाच राहिला, तर निकालाची वाट पाहणाऱ्या मुलांनीं काय करावें?

याचें उत्तर युनिक्समध्यें सांपडतें. ही प्रणाली केन टॉम्सन व डेनिस रिची यांनीं बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं आरंभिली. तिच्यांत ‘इनिट’ हा पहिला प्रोग्राम. त्याचा क्रमांक १, आणि इतर सर्व त्याचे वंशज. यंत्र सुरू होतांच तो ‘आरसी’ नांवाची आज्ञापत्रिका वाचवी. पडद्यामागें राबणाऱ्या प्रोग्रामास ‘डीमन’ हें नांव १९६३ च्या सुमारास एम.आय.टी.त पडलें, त्यास प्रेरणा मॅक्सवेलच्या काल्पनिक राक्षसाची. आपल्याकडे त्यास वेताळच म्हटलें असतें!

सिस्टिम फाइव्हमध्यें प्रत्येक सेवेची स्वतंत्र पत्रिका आली: ‘स्टार्ट’ म्हटलें कीं सुरू, ‘स्टॉप’ म्हटलें कीं बंद, आणि नांवांतील आंकड्यांवरून क्रम. व्यवस्था सुबोध, पण एक खोट मोठी होती. पत्रिका प्रोग्रामचा क्रमांक एका फाइलींत टिपून ठेवी. प्रोग्राम अकस्मात् मेला तरी टिपण तसेंच राही. पुढें तोच क्रमांक भलत्यास मिळाला, तर ‘स्टॉप’ची आज्ञा निरपराध प्रोग्रामच्या माथीं बसे.

२०१० सालीं लेनार्ट पोटरिंग व काय सीव्हर्स यांनीं ‘सिस्टिमडी’ पुढें आणली. तिच्यांत पत्रिकेऐवजीं लहानसें वर्णन पुरतें: कोणाच्या मागून सुरू व्हावें, कोणाच्या नांवानें चालावें, पडल्यास पुन्हां उठावें कीं नाहीं. सेवेचीं मुलेंबाळें ती कर्नेलच्या साह्यानें एका गटांत धरून ठेवते. टिपणावर विसंबत नाहीं. एकाच प्रोग्रामनें इतकी सत्ता घ्यावी, हें पुष्कळांस रुचलें नाहीं, व तो आक्षेप अगदींच पोकळ नव्हता. फेब्रुवारी २०१४ मध्यें डेबियनच्या तांत्रिक समितींत मतें समसमान पडलीं, आणि अध्यक्षाच्या निर्णायक मतानें ‘सिस्टिमडी’ स्वीकारली गेली.

तींतहि ‘स्टार्ट’ व ‘एनेबल’ या आज्ञा भिन्न आहेत. पहिलीनें सेवा आज चालू होते. यंत्र पुन्हां सुरू झाल्यावर ती आपोआप उठावी यासाठीं दुसरी द्यावी लागते. ती राहिली तर सर्व सुरळीत दिसतें, तें वीज जाईपर्यंत.