ल्हासाची वाट, धर्मशाळेची बैठक

१८ मार्च १७१६ रोजी इप्पोलितो देसिदेरी नावाचे इटालियन येशूसंघीय धर्मगुरू ल्हासात पोहोचले. वय अवघे ३१ वर्षांचे. १७१३ साली ते गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले होते. तेथून सुरत, दिल्ली, काश्मीर, लडाख अशी मजल दरमजल करीत ते तिबेटच्या राजधानीत आले. तेथे राज्य करणाऱ्या ल्हाझांग खानाने त्यांना आपला धर्म मांडण्याची मुभा दिली, मात्र आधी आमचे ग्रंथ नीट अभ्यासा, असे सुचविले. फादर देसिदेरींनी ही सूचना शिरोधार्य मानली. ते प्रथम रामोचे आणि पुढे सेरा येथील मठात विद्यार्थी म्हणून राहिले, वादसभा ऐकू लागले आणि अखेरीस तिबेटी भाषेतच ग्रंथ लिहू लागले. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झाले होते, याची आपल्याला येथे सहज आठवण व्हावी.

तिबेटी माणूस आणि ख्रिस्तदर्शन यांच्यामध्ये दोन सिद्धांत उभे आहेत, असे देसिदेरींना दिसले : पुनर्जन्म आणि शून्यता. त्यांपैकी पुनर्जन्माचा प्रश्न केवळ पोथीतला नव्हता. एखादे लहान मूल आपल्या गतजन्मीच्या मठाचा उल्लेख करी, दिवंगत लामांच्या वस्तू ओळखी, आणि त्याला त्या लामांच्या आसनावर बसविण्यात येई. ही सारी लामांची लबाडी आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. देसिदेरींनी ते नाकारले. ज्यांच्या पायाशी बसून आपण शिकलो ती माणसे इतकी भोळी वा इतकी कपटी नाहीत, हे ते ओळखून होते. घटना खरी आहे, असे त्यांनी मानले आणि तिचा कर्ता मात्र सैतान ठरविला.

आज या निष्कर्षाला हसणे सोपे आहे. मला मात्र त्यांच्या विचाराचा पूर्वार्ध अधिक मोलाचा वाटतो. साक्ष देणाऱ्याला त्यांनी खोटे पाडले नाही. चूक झाली ती पुढच्या पावलाला. जे उलगडत नाही ते उलगडलेले नाही, एवढे म्हणून थांबण्याचा धीर त्यांना झाला नाही. रिकाम्या जागेत त्यांनी आपल्याच शिदोरीतले उत्तर भरले. हा मोह केवळ अठराव्या शतकातल्या मिशनऱ्यांना होता असे नव्हे.

तिबेटचे मिशनक्षेत्र रोमने कापुचिन संघाकडे सोपविल्यामुळे १७२१ साली देसिदेरींना देश सोडावा लागला. १७३३ मध्ये ते रोम येथे निवर्तले. त्यांच्या तिबेट-वृत्तांताचे हस्तलिखित १८७५ पर्यंत विस्मृतीत पडून होते.

त्यांच्या वहीत अडकलेला प्रश्न पुन्हा बोलला गेला तो हिमाचल प्रदेशात. १९५९ साली भारतात आश्रयाला आलेल्या चौदाव्या दलाई लामांना विज्ञानाची ओढ बालपणापासून होती. ल्हासातील पोताला प्रासादात त्यांच्या पूर्वसूरींची एक दुर्बीण होती. तिच्यातून चंद्रावरील पर्वतांच्या सावल्या त्यांना दिसल्या, आणि चंद्र स्वयंप्रकाशी असल्याचे प्राचीन ग्रंथातले विधान त्यांच्यापुरते तेथेच मोडले. १९८३ साली ऑस्ट्रियातील आल्पबाख येथे त्यांची फ्रान्सिस्को वारेला या चिली देशातील जीवशास्त्रज्ञाशी भेट झाली. वारेला आणि ॲडम एंगल या अमेरिकन वकिलाच्या खटपटीतून ऑक्टोबर १९८७ मध्ये धर्मशाळेला पहिली बैठक भरली. मोजके शास्त्रज्ञ, दुभाषी आणि दलाई लामा, एवढाच मेळावा. ‘माइंड अँड लाइफ’ या नावाने ही परंपरा पुढे चालू राहिली. त्याच्या आदल्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १९८६ रोजी, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या निमंत्रणावरून सर्वधर्मीय नेते असिसीला प्रार्थनेसाठी जमले होते. दलाई लामा तेथेही होते. असिसीत प्रार्थना झाली, धर्मशाळेत उलटतपासणी.

१९९२ सालच्या बैठकीचा विषय निद्रा, स्वप्न आणि मृत्यू हा होता. चार्ल्स टेलर हे कॅनडातील कॅथलिक तत्त्वचिंतक तेथे पाश्चात्त्य परंपरेतील ‘स्व’ या कल्पनेविषयी बोलले. मेंदू थांबला की जाणीव संपते, असे मज्जाशास्त्राचे गृहीत. तर स्थूल जाणीव विरल्यावरही एक अतिसूक्ष्म जाणीव उरते, असे तिबेटी परंपरेचे म्हणणे. या दुसऱ्या म्हणण्याला आधार म्हणून ‘तुकदाम’ या अवस्थेचा दाखला देण्यात येतो. काही सिद्ध साधकांचा श्वास थांबल्यावरही देह कित्येक दिवस ताजा राहतो, बसती मुद्रा ढळत नाही. आपले ज्येष्ठ गुरू लिंग रिंपोछे १९८३ च्या डिसेंबरात निवर्तल्यावर तेरा दिवस या अवस्थेत होते, असे दलाई लामांनी नमूद केले आहे. मरणासन्नांच्या उशाशी बसण्याची वेळ ज्यांच्यावर वारंवार येते त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही.

मग उपकरणे आली. २००४ साली आठ दीर्घकालीन साधकांच्या ध्यानकाळातील मेंदूलहरींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या गॅमा लहरी तुलनेसाठी निवडलेल्या नवशिक्या विद्यार्थ्यांपेक्षा पुष्कळ प्रबळ आढळल्या. पुढच्याच वर्षी मज्जाशास्त्रज्ञांच्या वॉशिंग्टन येथील अधिवेशनात दलाई लामांचे भाषण ठरले, तेव्हा पाचशेहून अधिक जणांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती. स्वतः वारेला तिबेटी बौद्ध साधक होते. परीक्षक आणि उपासक एकच असला की काटा जरा अधिक वेळा तपासावा लागतो. पण २०२१ साली तुकदामविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा काटा झुकलेला नाही हे दिसले. मृत्यूनंतर अशा अवस्थेत मानल्या गेलेल्या १३ जणांच्या मेंदूलहरी नोंदविण्याचा प्रयत्न झाला होता. एकाच्याही मेंदूत ओळखण्याजोगी लहर सापडली नाही. सर्वांत लवकर झालेली नोंददेखील मृत्यूनंतर २६ तासांनी घेतलेली होती, ही मर्यादाही संशोधकांनी झाकून ठेवली नाही. अतिसूक्ष्म जाणीव मेंदूवर अवलंबून नसतेच, असे भिक्षू म्हणू शकतात. देह इतके दिवस का टिकला, हा प्रश्नही उरतोच.

आपल्याला ही कोंडी अपरिचित नाही. संत फ्रान्सिस झेविअर यांचे ३ डिसेंबर १५५२ रोजी निधन झाले आणि १५५४ साली त्यांचा न कुजलेला देह गोव्यात आणला गेला. २०२४ सालच्या शवप्रदर्शनालाही श्रद्धाळूंची रीघ लागली होती. अशा प्रसंगांसाठी ख्रिस्तसभेने एक शिस्त घालून घेतली. प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी, म्हणजेच पुढे पोप झालेले चौदावे बेनेडिक्ट, यांनी १७३४ ते १७३८ या काळात, देसिदेरींच्या मृत्यूपाठोपाठ, संतपदाविषयीच्या आपल्या ग्रंथात चमत्काराचे निकष मांडले. लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. तेथे हजारो दावे नोंदले गेले. २०१८ साली मान्यता मिळाली ती सत्तराव्या घटनेला. ‘आजच्या ज्ञानानुसार अनाकलनीय’ एवढेच डॉक्टर म्हणतात. ‘चमत्कार’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार महागुरुस्वामींचा. हे दोन शब्द दोन वेगळ्या तोंडी ठेवले आहेत.

आणखी एक गोष्ट येथे नोंदवायला हवी. आपल्या शेजारचा बौद्ध बांधव तुकदामच्या गोष्टी ऐकत वाढलेला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी आत्मा नाकारला आणि पुनर्जन्माचाही अर्थ भौतिक तत्त्वांच्या आधारे नव्याने लावला. चमत्कारावर विसंबणारा धर्म त्यांना नको होता. तेव्हा ‘बौद्धांचे विज्ञानाशी नाते’ असे सरसकट बोलताना कोणते बौद्ध, हे आधी विचारावे. आणि जाणीव केवळ मेंदूचा स्राव नव्हे, असे म्हणताना तिबेटी भिक्षू आपल्या शेजारी उभा दिसला, तरी तो आपल्या बाजूचा साक्षीदार नव्हे. टिकतो तो परमेश्वराने निर्मिलेला अमर आत्मा, हे त्याला मान्य नाही. देसिदेरींनी हे अंतर कधी पुसट केले नाही, म्हणूनच त्यांचे ग्रंथ अजून वाचनीय आहेत.

त्या ग्रंथांपैकी पुनर्जन्माच्या खंडनाचा सर्वांत मोठा ग्रंथ तिबेट सोडताना अपुराच राहिला होता. २०१७ साली त्यातील निवडक भाग इंग्रजीत आला. दोन अनुवादकांपैकी एक थुप्तेन जिन्पा. धर्मशाळेच्या त्या बैठकांत दलाई लामांचे दुभाषी म्हणून अनेक वर्षे बसलेले.